तपासणी वेशीवरच

वेब एपीआयसाठी टाइप असलेले क्लास का लिहायचे, असं विचारलं की बहुतेक प्रोग्रॅमर एकच कारण सांगतात: तोच कोड पुन्हा लिहावा लागत नाही. कारण खरं आहे, पण दुय्यम. तेवढ्यासाठी एखादं फंक्शनही पुरतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आलेल्या माहितीवर कुठून पुढे विश्वास ठेवायचा, ती जागा ठरवणं हे क्लासचं मुख्य काम.

जावास्क्रिप्टमधलं 'फेच' घ्या. सर्व्हरने 404 दिलं काय किंवा 500 दिलं काय, फेचच्या लेखी उत्तर आलं, काम झालं. नेटवर्कच तुटलं तर ते एरर फेकतं. उत्तर धड आहे का हे पाहणं कॉल करणाऱ्याच्या माथी. असे कॉल वेगवेगळ्या स्क्रीनवर विखुरले की कुठे ना कुठे ही तपासणी राहतेच. शिवाय जेसन उलगडून जे हाती येतं, त्याचा टाइप टाइपस्क्रिप्टच्या दृष्टीने 'एनी', म्हणजे काहीही. फील्डचं स्पेलिंग चुकलं तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही.

मग त्यावर 'ऑर्डर' असा टाइप चिकटवला की झालं? गोम इथेच आहे. टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात. प्रोग्रॅम चालू असताना ते नसतातच. 'हे उत्तर म्हणजे ऑर्डर' ही आपली समजूत. सर्व्हरने तसा शब्द दिलेला नसतो. म्हणून उत्तर येताक्षणी, क्लासच्या आतच, प्रत्येक फील्ड आहे का आणि हवं तसं आहे का हे पाहून मगच ऑर्डर तयार करायची. जुन्या जकात नाक्यासारखंच हे. वेशीवर माल एकदा नीट तपासला की गल्लोगल्ली गाडी अडवावी लागत नाही.

पण फील्ड आहे आणि त्यात संख्या आहे, एवढ्याने भागत नाही. जावास्क्रिप्टची संख्या 9007199254740991 पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने बिनचूक धरते. ट्विटरने 2010 मध्ये 64 बिटांचे आयडी आणले, तेव्हा तोच आयडी मजकूर म्हणूनही वेगळ्या फील्डमध्ये द्यावा लागला. नाहीतर जेसन वैध, संख्याही वैध, पण शेवटचे आकडे बदललेले. एककाचंही तसंच. आपल्याकडचं उदाहरण रेझरपे या पेमेंट सेवेचं. तिथे रक्कम पैशांत द्यायची असते: 500 रुपयांसाठी 50000. टाइप नुसता 'नंबर' असेल तर दोन्ही आकडे चालून जातात, आणि चुकून 500 पाठवलं तर गिऱ्हाइकाकडून 500 ऐवजी 5 रुपये घेतले जातात. 'पैसे' हा वेगळा टाइप केला, तर ही चूक कंपायलरच पकडतो. मात्र टाइपस्क्रिप्टमध्ये नंबरला नुसतं दुसरं नाव देऊन उपयोग नाही. वेगळी खूण जोडली तरच तो टाइप निराळा धरला जातो.

आता पुन्हा वापराकडे वळू. टोकन जोडणं, टाइमआउट ठरवणं, एररना एक रूप देणं हे सगळीकडे सारखं, तेव्हा ते बेस क्लासमध्ये जावं. या ओघात 'टाइमआउट झालं की पुन्हा प्रयत्न' हेही तिथेच ढकललं जातं, आणि तिथे घात होतो. 'गेट' विनंतीने ऑर्डरची यादी दोनदा मागितली तर काही बिघडत नाही. पण रिफंडच्या 'पोस्ट' विनंतीला टाइमआउट झालं, म्हणजे रिफंड झाला नाही असं नव्हे. रिफंड होऊन उत्तर तेवढं वाटेत हरवलं असेल. पुन्हा पाठवलं तर पैसे दोनदा जाऊ शकतात. गेट कितीदा केला तरी सर्व्हरवर व्हायचा परिणाम एकदाच्या इतकाच, असं एचटीटीपी मानतं. पोस्टला अशी हमी नाही. तेव्हा पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे त्या त्या एंडपॉइंटच्या क्लासनेच सांगावं, आणि रिफंडसारख्या कॉलसोबत आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखू देणारी खूण, पाठवायची सोय असेल तर ती सक्तीची करावी. दिसायला सारखं म्हणून एकत्र केलं की नेमका महत्त्वाचा फरक झाकला जातो.

एकदाच चालवायच्या स्क्रिप्टला हा सगळा थाट नको, हे कबूल. पण जो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालायचा आहे, त्याच्या क्लासची कसोटी वाचवलेल्या ओळींवर लावू नये. सर्व्हरवाल्यांनी उद्या एखादं फील्ड न सांगता बदललं, तर प्रोग्रॅम कुठे थांबतो ते पाहावं. त्या फील्डचं नाव घेऊन तो त्या एका क्लासमध्येच थांबला, तर क्लास लिहिण्याचे कष्ट सार्थकी लागले. चुकीची रक्कम हिशेबाच्या तक्त्यापर्यंत पोहोचली, तर क्लास केवळ नावापुरता होता.