मज्जातंतूची इजा आणि संकल्पी हिंसा

उंदराच्या चेहऱ्याकडे जाणारा मज्जातंतू कापला की त्या बाजूच्या मिशा हलायच्या थांबतात. प्रौढ उंदरात मेंदूस्तंभातील बहुतेक चालक चेतापेशी यातून तगतात, नवजात पिल्लात बहुतेक मरतात. १९९४ साली माणसातील सदोष एसओडी१ जनुक घातलेले उंदीर तयार झाले. त्यांचे मागचे पाय हळूहळू लुळे पडतात. याच चालक चेतापेशी मारणारा माणसाचा एएलएस हा असाध्य रोग त्यांच्यात अभ्यासला जातो.

रायगड जिल्ह्यात खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतले प्राणिगृह कर्करोग संशोधनासाठी आहे, पण नीतीचा प्रश्न तोच: माणसाच्या रोगासाठी प्राण्याला इजा करावी का? जैन आचारशास्त्र संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार मानते. पहिली, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, गृहस्थालाही वर्ज्य. मज्जातंतू कापणे ही ठरवून केलेली इजा आहे. रुग्णाचे दुःख खरे असले, हेतू चांगला असला, तरी ती संकल्पीच राहते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा रोगनिवारणासाठी प्रयोगांना मुभा देतो, भूल देण्याचा आग्रह धरतो. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा टाळावा, असेही तो सांगतो. हा शेवटचा निकष दुबळा आहे: जैन गणनेत उंदीर आणि घोडा दोघेही पंचेंद्रिय.