मागच्या चाकांचा जोर

वसईतल्या एका गॅरेजात गेल्या पावसाळ्यात दोन जुन्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा, दुसरी कुर्ल्याच्या प्रीमियरची ११८ एनई. दोघींचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. पोरं जमली होती ती काँटेसाभोवती. लांबलचक बॉनेट, रुंद अंग. तिला देशी मसल कार म्हणतात. मला मात्र दोघींत खरी स्पोर्ट्स कार ११८ एनईच वाटते.

काँटेसा १९८४ची. अंगकाठी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, पोटात सुरुवातीला दीड लिटरचं जुनं इंजिन. त्या देहाला ते कुठलं पुरणार? पुढे १.८ लिटरचं इसुझू इंजिन आलं, तेव्हा गाडीत जीव आला. अहमदाबाद हायवेवर तिचा रुबाब मी नाकारत नाही.

११८ एनई १९८५ची. साचा फियाट १२४चा, इंजिन निसानचं १,१७१ सीसीचं, ताकद अवघी ५२ अश्वशक्ती. पण याच १२४च्या पायावर इटलीत उघड्या टपाची स्पोर्ट स्पायडर उभी राहिली होती.

वसईजवळच्या निर्मळ, भुईगावकडचे वाड्यांमधले अरुंद रस्ते आठवा. तिथे ताकद काढायला जागाच नाही, वळणं मात्र संपत नाहीत. मागून ढकलणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना वळण्याचंच काम उरतं. स्टिअरिंगला इंजिनाची ओढ लागत नाही, रस्ता तळहाताला कळतो. ओल्या वळणावर पाय जरा जास्त पडला की मागचा भाग बाहेर सरकू लागतो. हलकी गाडी ते आधी कमरेला सांगते आणि सरळही लवकर होते. जड गाडी एकदा सरकली की तिला आवरणं कठीण. गाडीने आपल्याशी असं बोलावं, एवढीच माझी स्पोर्ट्स कारची व्याख्या आहे. वेग त्यानंतर.

गॅरेजात मेकॅनिकने ११८ची चटई उचलली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो सरळ आरपार गेला. खालची फरशी दिसली. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार? काँटेसाचा पत्राही सडला होता, पण तिच्यावर पैसे ओतायला मालक तयार होता. ११८चा मालक भंगारवाल्याचा भाव विचारत होता.

तुमच्या वाडीत, झावळ्यांच्या मांडवाखाली अशी एखादी ११८ उभी असेल तर तिला भंगारात देऊ नका. पाऊस लागण्याआधी खालचा पत्रा तेवढा करून घ्या.