मिलिट्रीकाकांचा रांजण

भालकीला आमच्या आडत दुकानासमोर मिलिट्रीकाकांचं घर होतं. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती, बेळगावला ट्रेनिंग, १९७१ ला जमालपूरच्या लढाईत. पेन्शन घेऊन गावी आले, पण स्वस्थ बसले नाहीत. रात्री बँकेत वॉचमन, पहाटे चहा घेतला की शेतात. पाच एकर तूर-उडदाच्या जिवावर तीन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली, भावाचं कर्जही निस्तरलं. काकू सकाळी बालवाडीत जायच्या, म्हणून मुलींच्या वेण्या काका घालायचे. इतक्या घट्ट की पोरी संध्याकाळपर्यंत डोकं धरून असायच्या.

ते गेले. तेराव्याला दोन शब्द बोल, असं मला सांगितलं. कष्टाळू, कुटुंबवत्सल एवढं कागदावर आलं आणि पुढे हात चालेना. मुंगी दिसली तर पाऊल आवरणाऱ्या घरातली मी. ज्यांनी माणसं मारली त्यांना भला माणूस म्हणायचं, तर ते कोणत्या तोंडाने?

शास्त्रात उत्तर आहे. हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने संकल्पी पूर्ण सोडायची. रक्षणासाठी घडते ती विरोधी, तिला त्याच्यापुरती मुभा आहे. श्रवणबेळगोळला ९८१ च्या सुमारास गोम्मटेश्वर उभा करणारा चावुंडराय सेनापतीच होता. त्या मूर्तीच्या पायाशी त्याचं नाव आपल्या मराठीत कोरलंय. आणि आमच्या जवळच्या मळखेडला, राष्ट्रकूटांच्या काळात, जिनसेनांनी आदिपुराण रचलं. त्यात भरत-बाहुबलीचं सैन्य विनाकारण मरू नये म्हणून दोघे भाऊच दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध करतात. जमालपूरला गेलेल्या शिपायाची अशी सोय कोण करणार?

पण काकांना हे उत्तर पुरलं नव्हतं. दरवर्षी दशलक्षण संपलं की क्षमावाणीला ते आमच्याकडे यायचे. आमचा सण, पण हात तेच आधी जोडायचे. "चुकलंमाकलं माफ करा, शेठजी." एका वर्षी उठता उठता म्हणाले, "शेठजी, जो राहिलाच न्हाई त्याची माफी कुठं मागायची?"

अप्पांनी विरोधी हिंसेचं समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूट हाय ते बरं झालं. पर त्यानं पानी मागितलं. मी पाजलं. गोळी बी माझीच व्हती."

अप्पा काही बोलले नाहीत. मी दाराआड होते.

नंतर मला आमचं गोदाम आठवत राहिलं. तुरीला कीड लागू नये म्हणून थप्पीत गोळ्या ठेवून वरून ताडपत्री टाकायची. अप्पा गोळीला हात लावत नसत. हमालाला सांगत आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसत. आमच्याच धर्मात कृत, कारित, अनुमोदित तिन्ही सारखी मोजतात. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केल्याचा आनंद मानला, सगळं खात्यावर. आणि डिसेंबर १९७१ मध्ये ढाका पडल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा अप्पांनी पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले. काका तेव्हा तिथे होते, आम्ही इथे पेढ्याचा कागद चाटत होतो. त्यांनी आपला हिशेब रोज काढला. आम्ही आमची वही उघडलीच नाही.

काकांच्या दाराबाहेर रांजण असायचा. हमाल, ऊसतोडीची माणसं, शाळेची पोरं, कुणीही पाणी प्यावं. तेराव्याला मी तो रांजण सांगितला, वेण्या सांगितल्या. तो का ठेवला होता, ते गिळलं. माझं नव्हतंच ते सांगायचं. पण कुणालाच न सांगणंही बरोबर वाटेना.

यंदा क्षमावाणीला मीच समोर गेले. काकू वाकून रांजण घासत होत्या. मी हात जोडले.

"तू कशाची माफी मागतीस गं, बाई?"

"पेढ्यांची," मी म्हणाले, आणि कट्ट्यावर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.