वाटेवरची माया

पायी चालणाऱ्यांमध्ये परकेही घरचे होऊन जातात, हे आपणा वाचकांना मी काय सांगावे? तरी दूरदेशीच्या एका वाटेची हकीकत मनातून जात नाही, म्हणून मांडतो.

१८४४ साली हेन्री आणि नाओमी सेगर हे दांपत्य मुलाबाळांसह अमेरिकेतील मिसुरीहून ऑरेगनला निघाले. सुमारे दोन हजार मैलांची वाट. बैलगाड्यांत पीठ, खारवलेले मांस आणि अवजारे खच्चून भरलेली, म्हणून धडधाकट माणसे बहुधा बाजूने पायीच चालत. वाटेत सातवे मूल जन्मले. पुढे ग्रीन नदीजवळ बाप तापाने गेला आणि काही आठवड्यांत आईही गेली. सात पोरकी मुले, त्यांतली एक अंगावर पिणारी! तांड्याने त्यांना टाकले नाही. बाळाला तांड्यातल्या बायांनी आळीपाळीने दूध दिले, एका जर्मन डॉक्टराने त्यांची गाडी हाकली आणि अखेर व्हिटमन नावाच्या मिशनरी जोडप्याने सातही जणांना पदरात घेतले.

हकीकत इथे संपती, तर डोळे पुसून मी गप्प बसलो असतो. पण व्हिटमनांचे घर उभे होते ते केयूस लोकांच्या मुलखात. १८४७ साली तिथे गोवर पसरला. केयूसांची मुले पटापट मेली, गोऱ्यांची बरीच वाचली. औषध देणारा व्हिटमनच विष घालतो, असा संशय बळावला. नोव्हेंबरात त्या दांपत्यासह अनेकांना मारले गेले, त्यांत सेगरांचे दोन मुलगेही होते. १८५० साली पाच केयूस पुरुषांना फाशी झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने गोऱ्या जोडप्याला ६४० एकर जमीन फुकट मिळू लागली. केयूसांशी जमिनीचा करार मात्र झाला १८५५ साली.

कोणी म्हणेल, एवढे कष्ट सोसले, माणसे पुरली, जमीन त्यांनी कमावलीच. मला हे पटत नाही. त्यांनी मोठी किंमत मोजली खरी, पण जमीन ज्याची त्याच्या हातात त्यातले काय पडले? आणि तरीही त्या बायांचे दूध खोटे होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रात्री मुक्कामाला गाड्या गोल लावीत, मुख्यतः जनावरे आत राहावीत म्हणून. दिवसा नदी उतरवून देणारे, सामन मासा विकणारे तिथले मूळ रहिवासी त्या गोलाबाहेर असत. पोरक्या बाळासाठी हळहळणाऱ्या त्या भल्या माणसांनी केयूसांच्या घरात किती मुले आहेत, हे कधी विचारले असेल का?