एकाच स्वयंपाकघरातील अन्न

उतारवयात दृष्टी मंदावली तरी चालेल, पण बुद्धी शाबूत राहावी, अशी प्रार्थना पुष्कळजण करतात. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के; पण विश्रांतीतही देहाची सुमारे २० टक्के ऊर्जा त्यालाच लागते. तेव्हा ताटात काय पडते, याच्याशी त्याचा संबंध असणारच.

अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन या संशोधकाने नोत्र दाम संस्थेच्या धर्मभगिनींच्या वार्धक्याचा अभ्यास आरंभिला. पुढे ६७८ भगिनी त्यात सहभागी झाल्या. मरणोत्तर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्यासही त्यांनी संमती दिली. त्यांपैकी एकाच मठात राहणाऱ्या, एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या ३० भगिनींविषयीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पालेभाज्या व कडधान्यांतून मिळणारे फोलेट ज्यांच्या रक्तात कमी होते, त्यांच्या मेंदूचा बाह्य थर अधिक आक्रसलेला आढळला.

मात्र दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पालेभाज्या, कडधान्ये, मासे व सुकामेवा यांवर भर देणाऱ्या आहाराने स्मृती टिकते, असे शिकागोतील संशोधकांना २०१५ साली वाटले होते. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ६०४ वृद्धांच्या तीन वर्षांच्या चाचणीत, बेताने पण नेहमीचेच अन्न घेणाऱ्यांपेक्षा या आहाराचा लक्षणीय अधिक लाभ दिसला नाही.

मग पथ्य सोडावे काय? मुळीच नाही. हृदय व रक्तवाहिन्या यांना हितकर ते मेंदूलाही हितकर ठरण्याचा संभव मोठा. आणि देह ही परमेश्वराने सोपविलेली ठेव आहे. ती जपणे हे कृतज्ञतेचे कर्तव्य होय. पण कर्तव्य म्हणजे सौदा नव्हे. विस्मृतीने ग्रासलेल्या वृद्धेकडे पाहून ‘हिने वेळीच काळजी घेतली नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलेला प्रश्नच आपण पुन्हा विचारीत असतो. पाप कोणाचे, हा हिशेब प्रभूने तेथे साफ नाकारला.

त्या मठात एकाच पंगतीला बसलेल्या भगिनींपैकी काहींची स्मृती अखेरपर्यंत टिकली, काहींची गेली. म्हणून आईच्या ताटात आज पालेभाजी प्रेमाने वाढावी. उद्या तिला आपले नाव आठवले नाही, तरी त्याच हाताने तिला घास भरवावा.