काठावरची पोरं

1949 साली अमेरिकेत ‘सिटी अक्रॉस द रिव्हर’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक मॅक्सवेल शेन. नदीपलीकडचं शहर म्हणजे न्यूयॉर्कचं ब्रुकलिन. आईबाप दिवसभर कामावर, पोरं नाक्यावर. शाळेच्या कार्यशाळेत गुरुजींची पाठ वळली की नळीचा तुकडा कापून गावठी पिस्तूल घडवायचं. पुढे तसल्याच पिस्तुलाने एका गुरुजींचा जीव जातो. सुरुवातीलाच ड्र्यू पिअर्सन हा तेव्हाचा नामांकित पत्रकार पडद्यावर येऊन प्रेक्षकांना बजावतो, की हे तुमच्याही शहरात घडू शकतं. चित्रपट आयर्विंग शुलमनच्या 1947 सालच्या कादंबरीवर बेतलेला. कादंबरीतली पोरं ज्यू वस्तीतली, नायकाचं आडनाव गोल्डफार्ब. पडद्यावर ते क्युसॅक झालं. आडनाव बदललं की गोष्ट सगळ्यांची होते, असा स्टुडिओचा हिशेब असावा. आपल्याकडच्या निर्मात्यांना हा हिशेब शिकवावा लागला नाही.

दोनच वर्षांनी, 1951 साली, ‘आवारा’ आला. न्यायमूर्ती रघुनाथांचं ठाम मत, की शरीफाचा मुलगा शरीफ आणि चोराचा मुलगा चोर. केवळ बाप डाकू होता म्हणून ते जग्गाला शिक्षा ठोठावतात आणि खरोखरीचा डाकू घडवतात. जग्गा सूड घेतो तो न्यायमूर्तींच्याच पोराला, राजला, चोर करून. हा पोरगा आधी बूटपॉलिश करतो, मग आजारी आईसाठी भाकरी चोरतो आणि तुरुंगात जातो. तिथे तीच भाकरी त्याला आयती मिळते. हा चिमटा लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या शैलीतला, सरळ आणि झोंबणारा. पण चित्रपटाच्या मांडणीत एक गफलत आहे. गुन्हा रक्तात नसतो हे पटवायला त्यांना न्यायमूर्तींचं रक्त लागलं. सुटकेची आशा राजला, प्रेयसी आणि वकील असलेली रीटाही राजलाच. जग्गावर तोच अन्याय आधी झालेला. त्याच्या वाट्याला मात्र राजच्या हातून मरण आलं. डाकूचा पोरगा डाकू म्हणूनच मेला आणि टाळ्या पडल्या.

ज्या दिवसांत थिएटरात हा खटला चालू होता, त्या दिवसांत न्यायमूर्ती रघुनाथांचं मत देशाच्या कायद्यात जसंच्या तसं होतं. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. तोवर कित्येक जमातींची नावं सरकारी यादीत होती. हजेरी, परवाना, वसाहतीभोवती कुंपण, सगळं जन्माने पदरात पडायचं. कायदा गेला, सवय गेली नाही. 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारधी बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत, आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्याकडे वळते, ही तक्रार आजही ऐकू येते. बेड्यावरच्या पोराला वकील रीटा भेटल्याचा चित्रपट मी पाहिलेला नाही.

गुन्हेगारीचं मूळ शोधायला यवतमाळच्या घाटंजीत बसून मुंबईच्या गोदीचा विचार करणं काहींना उपरं वाटेल. पण आमचा कापूस तिकडेच जायचा. जिनिंगमध्ये सरकी निघाली, प्रेसमध्ये गाठ दाबली, पट्ट्या आवळल्या, की पुढचा रस्ता मुंबईचा. मुंबईच्या गोदीत पोटासाठी उतरलेल्यांना मजूर पुरवणारा तोलीवाला रोजच्या रोज निवडायचा. ज्याच्यावर मर्जी त्याला काम. असल्याच रोजच्या निवडीवर गुंड कसे पोसले जातात ते एलिया कझानने 1954 साली ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये दाखवलं. आपल्याकडे त्याआधीच, 1948 साली, गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांनी संघटना बांधली. अमेरिकन चित्रपटाने दाखवलेलं मूळ आपण निदान कागदावर तरी कापलं होतं. तरी टोळ्या वाढल्याच. कारण सोन्याच्या आयातीवर बंधनं आली आणि बाहेरचं सोनं मुंबईपेक्षा स्वस्त राहिलं. 1949 च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला गिऱ्हाईक मिळवून दिलं. गुरुदत्तच्या ‘जाल’मध्ये (1952) देव आनंदचा टोनी गोव्याच्या किनाऱ्यावर सोन्याचा चोरटा धंदा करतो. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता, म्हणजे तो किनारा दुसऱ्याच कायद्याचा. चित्रपटाचं सगळं लक्ष मात्र टोनीचं मन पालटतं की नाही याकडे.

भाऊ पाध्यांनी ‘वासूनाका’त (1965) मन पालटण्याच्या फंदात न पडता नाक्यावरची पोरं आहेत तशी ठेवली. सुधारक गुरुजी नाहीत, रडणारी आई नाही. आचार्य अत्र्यांनी कादंबरीवर अश्लील म्हणून कोरडे ओढले. मला वाटतं, अश्लीलतेपेक्षा हेच जास्त झोंबलं असावं, की या पोरांची कीव करायला जागाच ठेवलेली नव्हती.

रक्त की संगत, हा वाद यातल्या बहुतेक चित्रपटांनी घातला. पैसा कुठून येतो हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. त्याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात समुद्रावाचून मिळतं. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, यवतमाळात नाही. दोन्हींच्या मध्ये वर्धा नदी. अलीकडच्या काठावर दुकानात उघड मिळणारी बाटली पूल ओलांडला की गुन्हा होते आणि महागही होते. मग ती ओलांडून नेणारा कुणीतरी लागतो. मोटारसायकल, पाठीवर सॅक आणि रस्त्याची माहिती असली की झालं. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली तेव्हा वणीच्या बाजूनेही हेच सुरू झालं. 2021 साली बंदी उठली आणि तो धंदा बसला. त्यासाठी त्या पोरांच्या आईबापांना, शाळेला किंवा संगतीला बदलावं लागलं नाही. बाटलीचा भाव दोन्ही काठांवर एक झाला, इतकंच.

दारूबंदी असावी की नसावी, हा वेगळा वाद आहे, आणि ज्या बायकांनी ती मागितली त्यांची बाजू मला हलकी वाटत नाही. पण पुलावर पकडल्या जाणाऱ्या पोराची गोष्ट कुणी पडद्यावर आणणार असेल, तर पत्रकाराच्या प्रस्तावनेने सुरुवात करू नये. आधी दोन्ही काठांवरचा बाटलीचा भाव दाखवावा, मग पोराचं नाव सांगावं, आणि तेही आडनावासकट.