वर्गणी आणि पगार

हौसेच्या संस्थेत पगारी माणूस सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. पक्षिमित्र मंडळ असो, वाचनालय असो की नाट्यसंस्था. वार्षिक अहवालात अध्यक्षांचा फोटो असतो, देणगीदारांची यादी असते. कपाटाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात, वर्गणी थकलेल्यांना जो फोन करतो, सहलीच्या आदल्या रात्री बसवाल्याशी जो हुज्जत घालतो, तो मात्र ‘आस्थापना खर्च’ या एका ओळीत गेलेला असतो. आणि पैसे कमी पडले की पहिली काट याच ओळीवर बसते.

अशा बहुतेक संस्थांचा हिशेब सारखाच असतो. वर्गणीतून वीजबिल, भाडं, टपाल भागतं. पगार निघतो तो कार्यक्रमांतून: शिबिरं, सहली, प्रदर्शनं, तिकिटं, स्मरणिकेतल्या जाहिराती. कार्यक्रम बुडाला की खर्च थांबत नाही, फक्त मिळकत थांबते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे हे सगळीकडे एकदम झालं. नाट्यगृहं बंद झाली ती ५ नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्यांवर उघडली. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप लागलं ते २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. बारामती, सणसर, इंदापूर असे मुक्काम करत जाणारी तुकोबांची पालखीही २०२० मध्ये पायी निघाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. जिथं वारी थांबली तिथं शिबिरं आणि सहली कोण भरवणार?

आपल्या भागात याचा चटका कुठं बसला हे पाहायचं तर भिगवणला जावं. भीमेवर उजनी धरण झालं आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी काळी जमीन पाण्याखाली गेली. त्या फुगवट्याच्या काठावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ ही गावं आहेत. उन्हाळ्याकडे पाणी ओसरतं, चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरतात. चित्रबलाक, चक्रवाक, पट्टकादंब हेही असतात. ते पाहायला पुण्या-मुंबईहून माणसं येऊ लागली, तशी जाळी टाकणाऱ्या घरांतली मुलं होडी वल्हवत वाटाडे झाली. पक्ष्यांची नावं मराठीत नि इंग्रजीत शिकली, कोणता पक्षी होडी किती जवळ येऊ देतो हे ओळखू लागली. घराघरांतून जेवणाची सोय झाली. कुणाच्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नाही, पण शहरातल्या मंडळांच्या सहलींवर त्यांचं वर्ष उभं आहे. हंगाम म्हणजे हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंतचे मोजके महिने. टाळेबंदी लागली ती २५ मार्चला, ऐन रोहितांच्या दिवसांत. दुसऱ्या वर्षी साथीची दुसरी लाट आली, तीही त्याच महिन्यांत. मंडळाच्या कार्यालयातला कारकून आणि कुंभारगावचा नावाडी एकमेकांना ओळखतही नसतील, पण दोघांची मिळकत एकाच रद्द झालेल्या सहलीबरोबर गेली.

अशा वेळी एक गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि ती खरी आहे. १८८३ मध्ये मुंबईत आठ हौशी माणसांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले डॉक्टर होते. या सोसायटीच्या मदतीनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविज्ञानाचं दालन उभं राहिलं. १९२६ मध्ये तिथं मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून सालिम अलींना नोकरी मिळाली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले, श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथं सुगरणीची घरटी बघत बसले. एक नर अनेक घरटी विणतो आणि एकामागून एक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी तिथं टिपलं. ते काम जगभर नावाजलं गेलं.

ही गोष्ट मला अतिशय आवडते, पण कपात करताना ती सांगितली की राग येतो. ‘नोकरी गेली म्हणून सालिम अली घडले’ असं म्हणणं फार सोपं आहे. त्यांच्याकडे बर्लिनचं शिक्षण होतं, किहीमला राहायला घर होतं, तेहमिनाबाईंची साथ होती. नोकरी गेल्यावर सुगरणीकडे बघत बसता येतं ते पाठीशी काही असेल तर. ज्याची जमीन उजनीत गेली आणि होडी कर्जाची आहे, त्याला हे इष्टापत्तीचं पुराण ऐकवू नये. म्युझियमनं एक जागा रद्द केली तेव्हा एक सालिम अली निभावले. अशा रद्द झालेल्या जागांवरची बाकीची माणसं कुठं गेली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

कपात करणारे कार्यकारिणीचे लोक निर्दय असतात असं नाही. बहुतेक जण स्वतः विनामोबदला राबतात, कधी खिशातूनही घालतात. चूक आधीच झालेली असते, चांगल्या वर्षी. तेव्हा शिल्लक पडते ती नव्या प्रोजेक्टरला, सभागृहाच्या रंगाला, सत्काराच्या शालींना जाते. सहा महिन्यांचे पगार निघतील एवढा निधी आधी बाजूला ठेवावा आणि मगच बाकीचं बघावं, हा ठराव फार थोड्या सभांत मांडला जातो. ती जबाबदारी एकट्या खजिनदाराची नाही. सभेला न जाणाऱ्या आपली आहे.

सभासदही कार्यक्रम नसला की वर्गणी थांबवतात. ‘यंदा काही झालंच नाही, मग कशाला द्यायची?’ हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकलं आहे. नेमक्या त्याच वर्षी ती वर्गणी कुणाच्या तरी घरचा किराणा असते. म्हणून तुम्ही ज्या कुठल्या मंडळाचे, वाचनालयाचे, नाट्यसंस्थेचे सभासद असाल तिथली वर्गणी ज्या वर्षी कार्यक्रम होणार नाही त्या वर्षी सगळ्यात आधी भरा. आणि भिगवणची सहल तुमच्या अडचणीमुळे रद्द झाली, तर नावाड्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मागू नका.